खळग्यांची भूमिती

गोल्फच्या चेंडूवर साधारण साडेतीनशे खळगे असतात. चेंडू लांब जावा म्हणून ते असतात, हे पुष्कळांना ठाऊक असते आणि ते बरोबरही आहे. पण लांबीचा प्रश्न विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच बऱ्यापैकी सुटला होता. त्यानंतर कारखानदार, भौतिकशास्त्रज्ञ आणि नियम करणाऱ्या संस्था ज्याच्याशी झुंजत राहिल्या, तो प्रश्न निराळा होता. तोच फटका, तोच वारा, त्याच पेटीतले चेंडू. तरी एक सरळ जातो आणि दुसरा थोडा आधीच का खाली येतो? याच्या मुळाशी खळग्यांची मांडणी असू शकते, हे कळायला फार वेळ लागला. माणसाचा हात दर वेळी थोडा वेगळा फटका मारतो. दोष हाताचा की चेंडूचा, हे ठरवायचे साधनच तेव्हा नव्हते.

कहाणीची सुरुवात स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सेंट अँड्र्यूज या गावात होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे पिसांचे चेंडू वापरत. चामड्याचे तुकडे शिवून लहानशी पिशवी करायची, उंच हॅट भरेल इतकी पिसे उकळून मऊ करायची आणि ती त्या पिशवीत ठासून भरायची. वाळताना चामडे आकसे, आतली पिसे फुलत आणि चेंडू टणक होई. चांगला कारागीर दिवसाला तीन-चार चेंडू करी. साहजिकच चेंडू महाग पडे. पावसात तो भिजून जड होई आणि लोखंडी क्लबचा चुकीचा फटका बसला की शिवण उसवे. अ‍ॅलन रॉबर्टसन हे या धंद्यातले सेंट अँड्र्यूजमधले मोठे नाव. ते उत्तम खेळाडू होते आणि चेंडूंचे कारखानदारही.

१८४३ मध्ये सिंगापूरहून विल्यम माँटगोमेरी या डॉक्टरांनी गटापर्चाचे नमुने लंडनला पाठवले. मलायातल्या झाडाचा हा चीक गरम पाण्यात मऊ होतो, थंड झाल्यावर कडक राहतो. काही वर्षांतच तो समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींवर आवरण म्हणून वापरला जाऊ लागला. गोल्फमध्ये तो कसा आला याची एक कथा स्कॉटलंडमध्ये सांगतात. रॉबर्ट अ‍ॅडम्स पॅटरसन या विद्यार्थ्याच्या घरी पूर्वेकडून विष्णूची संगमरवरी मूर्ती आली. ती फुटू नये म्हणून पेटीत गटापर्चाचे तुकडे भरले होते आणि त्यांतूनच त्याने चेंडू वळला. कथा म्हणूनच ती घ्यावी. नक्की आहे ते एवढे, की १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू मैदानावर आला आणि त्याच्या स्वस्ताईपुढे पिसांचा धंदा टिकला नाही. हा चेंडू फुटला तरी पुन्हा वितळवून वळता येई.

रॉबर्टसन यांना हा आपल्या पोटावर पाय वाटला. त्यांचे मदतनीस टॉम मॉरिस एकदा नव्या चेंडूने खेळताना दिसले आणि दोघांचे बिनसले. मॉरिस यांनी वेगळे दुकान थाटले आणि १८५१ मध्ये ते प्रेस्टविकला गेले. तिथेच १८६० मध्ये पहिली ओपन स्पर्धा झाली.

नव्या चेंडूत एक विचित्र खोड होती. तो ताजा, गुळगुळीत असताना क्लबवरून सुटल्यावर थोडा वर चढे आणि एकाएकी खाली पडे. खेळून खेळून त्याच्यावर चिरा आणि खोचे पडले, की तोच चेंडू नीट उडू लागे. खेळाडूंच्या आणि कॅडींच्या हे लक्षात आले. मग नव्या चेंडूंना हातोडीच्या चपट्या टोकाने आधीच खाचा पाडायची पद्धत पडली. पुढे खाचा साच्यातच कोरू लागले. शतकाच्या शेवटी ‘ब्रॅम्बल’ चेंडू सर्वत्र झाला. ब्रॅम्बल म्हणजे रानातली ब्लॅकबेरी. तुतीच्या फळावर असतात तसे बारीक फुगवटे या चेंडूच्या अंगभर असत. हे सगळे अनुभवातून झाले. खडबडीत चेंडू चांगला का उडतो हे कोणालाही सांगता येत नव्हते.

खुलाशाच्या शोधात उतरलेले पहिले मोठे शास्त्रज्ञ म्हणजे एडिंबरा विद्यापीठातले पीटर गथ्री टेट. ते स्वतः गोल्फवेडे होते. अंधारात खेळता यावे म्हणून त्यांनी फॉस्फरस लावलेले चेंडूही करून पाहिले होते. त्यांचे चिरंजीव फ्रेडी टेट १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटनचे हौशी विजेते झाले. टेट यांनी १८८७ पासून चेंडूच्या उड्डाणावर लिहायला सुरुवात केली आणि १८९३ व १८९६ मध्ये एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे फिरत्या गोलाच्या मार्गाचे गणित मांडले. मुख्य कोडे असे होते, की चांगला फटका बसलेला चेंडू जितका वेळ हवेत राहतो, तितका वेळ केवळ वेगाच्या आणि गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबाने राहायला नको. उत्तर चेंडूच्या गिरकीत होते. क्लबचा कललेला पृष्ठभाग चेंडूला उलटी गिरकी देतो, म्हणजे वरचा भाग मागे आणि खालचा पुढे फिरतो. अशी गिरकी असली की हवा चेंडूला वर उचलते. टेट यांनी चेंडूला लांब फीत बांधून फटके मारायला लावले आणि फितीला पडलेले पीळ मोजून गिरकी किती असते ते शोधले. साधन किती साधे आणि उत्तर किती नेमके! विज्ञानाच्या इतिहासात मला हा प्रयोग फार आवडतो.

फिरता गोल हवेत वळतो हे टेट यांच्या आधीच माहीत होते. न्यूटन यांनी १६७२ मध्ये टेनिसच्या चेंडूबद्दल ते नोंदवले होते. बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये तोफगोळ्यांसाठी ते मांडले. हे रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारले. १८५२ मध्ये बर्लिनच्या हाइनरिख माग्नुस यांनी त्यावर प्रयोग केले आणि परिणामाला त्यांचेच नाव मिळाले. टेट यांनी हे ज्ञान मैदानावर आणले. फ्रेडी फेब्रुवारी १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात मारले गेले. त्या धक्क्यातून टेट सावरले नाहीत आणि पुढच्याच वर्षी गेले.

याच काळात चेंडूचे अंतरंग बदलले. अमेरिकेत ओहायो राज्यात कोबर्न हॅस्केल आणि गुडरिच रबर कंपनीतले बर्ट्रम वर्क यांनी रबराचा ताणलेला धागा गुंडाळून गाभा केला आणि त्यावर गटापर्चाचे कवच चढवले. १८९९ मध्ये पेटंट मिळाले. १९०२ मध्ये सँडी हर्ड यांनी हा चेंडू घेऊन ब्रिटनची ओपन जिंकली आणि अखंड गटापर्चाचे दिवस संपले. रबरी गाभ्याचा चेंडू क्लबवरून जास्त वेगाने निघे. त्यामुळे कवचावरच्या नक्षीचे महत्त्व वाढले.

नक्षी उलटी करण्याचे श्रेय लेस्टरच्या विल्यम टेलर यांना जाते. टेलर, टेलर अँड हॉबसन ही त्यांची कंपनी कॅमेऱ्याची भिंगे बनवी आणि भिंगांच्या धंद्यात मापाची चूक खपत नाही. कारखान्यात सुटे भाग मापात आहेत की नाहीत हे तपासण्याचे एक तत्त्व आजही अभियंते टेलर यांच्या नावाने ओळखतात आणि तेही १९०५ मधलेच आहे. त्याच वर्षी त्यांनी गोल्फच्या चेंडूचे पेटंट मागितले. ब्रॅम्बलचे फुगवटे काढून तिथे उथळ, गोल, एकमेकांपासून सुटे, कडेला तीव्र उताराचे खळगे ठेवायचे, अशी ती कल्पना होती. पृष्ठभागाच्या किमान पाव आणि जास्तीत जास्त पाऊण भागावर खळगे असावेत, असे त्यांनी लिहिले होते. १९०८ मध्ये अमेरिकेतही पेटंट मिळाले आणि तिथले हक्क स्पाल्डिंग कंपनीने घेतले. फुगवटे झिजतात, चिखलाने भरतात, क्लबखाली चिरडतात आणि दोन फटक्यांनंतर चेंडू वेगळाच होतो. खळगा आपला आकार जास्त काळ राखतो. खळगे जिंकले त्यात लांबीचा वाटा होताच. पण माझ्या मते आपला आकार टिकवून धरण्याचा हा गुणही तितकाच मोलाचा होता. सगळे एका दिवसात बदलले नाही. चौकोनी जाळीची नक्षी आणि इतर आकार पुढची वीस-पंचवीस वर्षे दुकानांत होते.

१९१० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये इलेक्ट्रॉनचे शोधक जे. जे. थॉमसन यांनी गोल्फच्या चेंडूवर व्याख्यान दिले. चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या झोताने त्यांनी श्रोत्यांना गिरकी घेणाऱ्या चेंडूचे मार्ग दाखवले. पण खडबडीत पृष्ठभाग नेमके काय करतो, याचे उत्तर वेगळ्याच दिशेने येत होते.

१९०४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी हायडलबर्गच्या गणित परिषदेत सीमास्तराची कल्पना मांडली. वस्तूला लगटून हवेचा एक अतिशय पातळ थर असतो आणि हवेच्या विरोधाचे सारे नाटक त्या थरात घडते. १९१२ मध्ये पॅरिसला गुस्ताव्ह आयफेल, मनोऱ्याचे तेच आयफेल, आपल्या वातविवरात, म्हणजे वारा सोडायच्या बोगद्यात, गोलांवर वारा सोडत होते. त्यांना चमत्कारिक गोष्ट आढळली. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की गोलावरचा विरोधाचा गुणांक एकदम खाली येतो. त्यांचे आकडे प्रांट्ल यांच्या ग्योटिंगेनमधल्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशी जुळेनात. कोणाचे तरी चुकले असावे असे आधी वाटले. खरे तर दोघांचेही बरोबर होते. १९१४ मध्ये प्रांट्ल यांनी गुळगुळीत गोलाच्या पुढच्या भागावर तारेचे बारीक कडे चढवले आणि कमी वेगातही विरोध घटवून दाखवला.

घडते ते असे. हवा गोलाच्या पुढच्या टोकावर आदळून दोन्ही अंगांनी मागे जाते. सीमास्तर शांत, थराथरांनी वाहणारा असेल तर तो लवकर दमतो आणि पुढच्या टोकापासून साधारण ऐंशी अंशांवर गोलाला सोडून देतो. मागे घोटाळणाऱ्या हवेचा रुंद पट्टा राहतो, तिथे दाब कमी असतो आणि गोल मागे खेचला जातो. सीमास्तर खळबळीचा असेल तर बाहेरच्या वेगवान हवेची ऊर्जा त्यात मिसळत राहते. तो एकशे दहा-वीस अंशांपर्यंत गोलाला चिकटून राहतो. मागचा पट्टा अरुंद होतो आणि विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. तारेचे कडे, खाचा, फुगवटे, खळगे ही सगळी खळबळ माजवण्याची साधने आहेत.

आता आकडे पाहू. वेग, आकार आणि हवेची चिकटाई यांचा मेळ घालणारा एक अंक असतो, त्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. गुळगुळीत गोलाचा विरोध कोसळतो तो हा अंक तीन लाखांच्या आसपास गेल्यावर. पट्टीच्या खेळाडूचा चेंडू सेकंदाला सत्तर मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने निघतो, तेव्हा अंक भरतो सुमारे दोन लाख. म्हणजे गुळगुळीत चेंडू त्या उंबरठ्यापर्यंत कधी पोचतच नाही. खळग्यांमुळे उंबरठाच चाळीस-साठ हजारांवर येतो. जमिनीकडे येताना वेग निम्म्याखाली गेला तरी चेंडू त्याच्या वरच असतो.

एवढ्याने विरोधाचा उलगडा झाला, पण १८४८ चा गुळगुळीत चेंडू एकाएकी खाली का पडे ते उरलेच होते. ते सापडले १९४९ मध्ये. अक्रन इथल्या गुडरिच कंपनीतले जॉन डेव्हिस यांनी चेंडू जोराने फिरवून वातविवरातल्या आडव्या झोतात सोडले आणि ते किती वर-खाली सरकतात ते मोजले. खळग्यांचा चेंडू उलट्या गिरकीने वर उचलला गेला. गुळगुळीत चेंडूची गिरकी मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आत असताना मात्र बल खालच्या दिशेने लागले. कारण असे, की उलट्या गिरकीत चेंडूचा खालचा भाग हवेच्या विरुद्ध सरकतो. तिथे सापेक्ष वेग जास्त असतो, म्हणून गुळगुळीत चेंडूचा सीमास्तर आधी तिथेच खळबळतो. खालची हवा जास्त वेळ चिकटते, मागचा पट्टा वर झुकतो आणि चेंडू खाली ढकलला जातो. फटका चांगला बसूनही चेंडू जमीन का धरी, याचे बरेचसे उत्तर एका शतकाने मिळाले. खळगे दोन्ही अंगांना एकाच वेळी खळबळ माजवतात, म्हणून गिरकीचा परिणाम अपेक्षित दिशेनेच होतो. चेंडूचे वागणे ओळखीचे होणे हे या खळग्यांचे मोठे देणे.

त्यानंतरचा टप्पा सातत्याचा. त्याची पहिली पायरी चेंडूच्या आत होती. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅकुशनेट कंपनीचे फिल यंग हे रबराच्या धंद्यातले. भोकाजवळून नीट मारलेला हलका फटका भोकाकडे न जाता बाजूला गेला, तेव्हा त्यांना चेंडूवरच संशय आला. ओळखीच्या दंतवैद्याकडून त्यांनी चेंडूचे एक्स-रे काढवले, तर गाभा मधोमध नव्हता. १९३२ मध्ये कंपनीने गोल्फचा विभाग काढला, १९३५ मध्ये ‘टायटलिस्ट’ बाजारात आला आणि चेंडूंचे एक्स-रे घेणे हा कारखान्यातला नेम झाला.

बाहेरून मात्र सगळे चेंडू दशकानुदशके जवळपास एकसारखेच राहिले. साचे बनवणाऱ्या अ‍ॅटी कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी ३३६ खळग्यांची मांडणी १९३० नंतर सर्रास चालली. तिचा पाया अष्टफलक. इथे थोडी भूमिती समजून घ्यावी लागते, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. सपाट कागदावर समान अंतराने हवे तितके ठिपके मांडता येतात. गोलावर ती सोय नाही. पूर्ण नियमित घनाकृती फक्त पाच आहेत आणि त्यांतल्या सर्वांत जास्त कोपऱ्यांच्या आकृतीलाही वीसच कोपरे असतात. तीनशे-चारशे खळगे अगदी समान पसरवणे अशक्यच. म्हणून रचनाकार एखादी घनाकृती घेतात, तिच्या बाजू गोलावर उमटवतात आणि प्रत्येक तुकडा त्याच नक्षीने भरतात. अष्टफलकाचे आठ तुकडे मोठे असतात. त्यांच्या मध्यावर आणि कोपऱ्यांवर खळग्यांची गर्दी वेगवेगळी होते. म्हणजे चेंडू कोणत्या बाजूने फिरतोय यावर हवेचे वागणे थोडे बदलते.

हे थोडे म्हणजे किती, हे मोजता येऊ लागले ते १९६० च्या दशकात फटके मारणारे यंत्र तयार झाल्यावर. बायरन नेल्सन या अमेरिकी खेळाडूच्या फटक्यावरून ते बेतले होते आणि ‘आयर्न बायरन’ असेच त्याला म्हणत. यंत्राचा हात दर वेळी तोच फटका मारी, त्यामुळे मैदानावर दिसणारा उरलेला फरक चेंडूचाच हे पहिल्यांदा खात्रीने म्हणता आले. चेंडूच्या इतिहासातला हा टप्पा पुस्तकांत एका ओळीत उरकतात. मला तो टेलर यांच्या पेटंटाइतकाच निर्णायक वाटतो. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, याच यंत्रावर १९७६ मध्ये अंतराची मर्यादा ठरवली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये पीटर बेअरमन आणि जॉन हार्वी यांनी चेंडूंच्या मोठ्या प्रतिकृती वातविवरात फिरवून त्याच वर्षी सविस्तर मापे छापली. त्यांच्या चाचण्यांत षटकोनी खळगे नेहमीच्या गोल खळग्यांपेक्षा सरस ठरले.

टायटलिस्टने १९७३ मध्ये विंशतिफलकावरची मांडणी आणली. वीस त्रिकोण, प्रत्येक लहान, म्हणून तुकड्यातुकड्यांतला फरक कमी. अडचण होती सांध्याची. चेंडू दोन अर्ध्या साच्यांत घडतो. साचे जुळतात तिथे विषुववृत्तासारखी खळगेरहित रेघ राहते आणि तिच्यावरचा जादा माल घासून काढताना आजूबाजूचे खळगेही उथळ होतात. ही रेघ उड्डाणाच्या दिशेत फिरत राहिली तर चेंडू एका तऱ्हेने उडतो, आडवीतिडवी फिरली तर दुसऱ्या. ध्रुवांकडच्या खळग्यांची खोली किंचित बदलून हा फरक बुजवता येतो. त्यासाठी किती बारकाईने काम लागते याची कल्पना खोलीवरून येईल. खळगा जेमतेम पाव मिलिमीटर खोल असतो आणि इंचाचा हजारावा भाग इकडेतिकडे झाला तरी चेंडूची उंची बदलते. खोल खळग्यांचा चेंडू खालून जातो, उथळ खळग्यांचा वर चढतो. कवचावरचा रंग जाड बसला तरी खळगा तेवढा उथळ होतो. म्हणून रंगकाम हाही उड्डाणाचाच भाग ठरला.

नेमक्या याच सुमारास कोणीतरी उलटा विचार केला. कॅलिफोर्नियात सॅन होजे इथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक फ्रेड होल्मस्ट्रॉम आणि आयबीएममधले रसायनतज्ज्ञ डॅनियल नेपेला यांनी मुद्दाम असमान चेंडू बनवला. मध्याभोवती नेहमीच्या खळग्यांच्या सहा ओळी आणि दोन्ही ध्रुवांकडे फारच उथळ खळगे. टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या खुंटीवर, ठेवताना खळग्यांचा पट्टा लक्ष्याच्या दिशेला उभा धरायचा. मग फटका थोडा तिरका बसला तरी चेंडू त्या पट्ट्याच्या दिशेनेच फिरत राहू पाहतो आणि उजवीकडे-डावीकडे भरकटणे कमी होते. ‘पोलारा’ या नावाने तो सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात विक्रीला आला.

नवशिक्यांसाठी हा चेंडू वरदानच होता. चेंडू सरळ मारता येणे हेच ज्या खेळातले कौशल्य, त्या खेळासाठी तो मुळावर घाव घालणारा होता. यूएसजीएने त्याला मान्यता नाकारली आणि १९८१ मध्ये चेंडू गोलाकार सममितीचाच असला पाहिजे असा नियम केला. उत्पादक न्यायालयात गेले. १९८५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड होऊन संघटनेने १३ लाख ७५ हजार डॉलर मोजले. नियम मात्र तसाच राहिला. माझ्या मते नियम योग्य होता. पोलाराच्या कर्त्यांची भौतिकशास्त्रावरची पकडही तितकीच पक्की होती आणि त्यांचा चेंडू कायमचा बाद झाला म्हणून त्यांचे काम हलके ठरत नाही. सममिती आधी चांगल्या चेंडूचा गुण होती. पोलारामुळे ती कायदा झाली आणि सांध्याची रेघ हा कारखान्यापुरता दोष न राहता नियमाच्या कक्षेत आला.

क्रिकेट पाहणाऱ्या आपल्याला या निर्णयातला फरक चटकन कळतो. नव्या चेंडूची शिवण तिरकी धरून गोलंदाज एका अंगाचा सीमास्तर खळबळवतो, दुसरे अंग शांत ठेवतो आणि चेंडू हवेत वळतो. असमानता हीच तिथे कला आहे. हे नीट मोजून दाखवणाऱ्यांपैकी एक रवींद्र मेहता. १९८३ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा स्विंगवरचा लेख ‘नेचर’मध्ये आला. त्यांची पीएचडीही इंपीरियल कॉलेजचीच. एकाच तत्त्वावर एका खेळाने शिवण जपली आणि दुसऱ्याने ती बुजवायला कोट्यवधी खर्च केले.

ती बुजवण्याची सर्वांत देखणी युक्ती १९८५ च्या एका पेटंटात आहे. ते स्टीव्हन आओयामा यांचे. विंशतिफलकाच्या कडांचे मध्य जोडले की गोलावर सहा बृहद्वृत्ते उमटतात, म्हणजे विषुववृत्ताएवढी सहा वर्तुळे. आओयामा यांनी खळगे असे बसवले की यांपैकी एकाही वर्तुळाला ते छेदत नाहीत. एका वर्तुळावर साच्याचा खरा सांधा, उरलेली पाच नुसती मोकळी. खरा सांधा वेगळा राहतच नाही, कारण तशाच सहा रेघा चेंडूवर समान पसरलेल्या असतात. दोष लपवता येत नसेल तर तो सगळीकडे सारखा वाटून टाकायचा. भूमितीचा इतका थेट उपयोग रोजच्या वस्तूत क्वचित दिसतो.

पुढे कारखान्यांनी रेघच नाहीशी करायचा मार्ग धरला. साच्यांच्या कडा सरळ न ठेवता नागमोडी केल्या. वरच्या अर्ध्याचे खळगे खालच्या अर्ध्याच्या खाचेत बसू लागले आणि खळगेरहित पट्टा उरला नाही. २००० च्या ऑक्टोबरमध्ये व्यावसायिक स्पर्धांत उतरलेल्या टायटलिस्टच्या ‘प्रो व्ही वन’ चेंडूवर ३९२ खळगे होते. त्याने धाग्यांच्या गाभ्याचा चेंडू काही वर्षांतच हद्दपार केला. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत खळग्यांची संख्या कमी झाली, पुन्हा वाढली. संख्या हे जाहिरातीचे भूषण. रचनाकार पाहतात ते खळग्यांनी किती पृष्ठभाग व्यापला, त्यांच्या कडांचा कोन काय आणि शेजारच्या दोन खळग्यांमधली मोकळी जागा सगळीकडे सारखी आहे का. कॅलवे कंपनीने गोल खळगे सोडून षटकोनी जाळी आणली. पण तिथेही गोलाने आपली अट सोडली नाही. नुसत्या षटकोनांनी गोल झाकता येत नाही; कोपऱ्याकोपऱ्यात तिघे भेटायचे असतील तर बारा पंचकोन घ्यावेच लागतात.

खळग्याच्या आत काय घडते हे मात्र एकविसाव्या शतकापर्यंत स्पष्ट दिसले नव्हते. २००६ मध्ये सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी वातविवरात मापे घेऊन दाखवले, की खळग्याच्या तोंडाशी हवा क्षणभर सुटते, तिथे खळबळते आणि पुन्हा पृष्ठभागाला धरते. त्यानंतर अ‍ॅरिझोना आणि मेरीलँड इथल्या गटांनी महासंगणकावर संपूर्ण चेंडूभोवतीचा प्रवाह बारकाव्यांसह उभा केला. खळगा कोरण्यापूर्वीच त्याचा परिणाम कळावा, या दिशेने ते पाऊल होते.

या साऱ्याचे परिणाम मैदानांनी भोगले. चेंडू लांब आणि भरवशाचा झाला, तशी जुनी मैदाने अपुरी पडू लागली. पहिला फटका मारायच्या जागा मागे सरकवाव्या लागल्या, जमिनी घ्याव्या लागल्या, पाणी आणि देखभाल वाढली. सेंट अँड्र्यूजची रॉयल अँड एन्शंट आणि यूएसजीए यांनी डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूची चाचणी जास्त वेगाच्या फटक्याने, ताशी १२५ मैलांनी, घेण्याचे जाहीर केले, म्हणजे मर्यादा अधिक कडक होणार. भरवसा वाढला याची किंमत खेळातल्या जोखमीनेही चुकवली. वाऱ्यात चेंडू फार भरकटणार नाही याची खात्री असली की खेळाडू बेधडक मारतो. यात खेळाची गोडी थोडी कमी झाली, असे मला वाटते. पण हौशी माणसाला दुकानातल्या कुठल्याही पेटीतला चेंडू पहिल्यासारखाच उडेल हा विश्वास मिळाला, हेही त्याच कामाचे फळ आहे.

कारखान्यातून सममित निघालेला चेंडू मैदानावर मात्र तसाच राहतो असे नाही. पावसानंतर फेअरवेवर, म्हणजे छाटलेल्या गवताच्या पट्ट्यावर, पडलेल्या चेंडूच्या एका अंगाला चिखल लागतो, त्या बाजूचे खळगे भरतात आणि चेंडू उलट बाजूला अनपेक्षित वळतो. भोकाभोवतीच्या ग्रीनवर चेंडू उचलून पुसता येतो, फेअरवेवर एरवी नाही. मे २०२५ मध्ये क्वेल हॉलो इथल्या पीजीए स्पर्धेत पाऊस झाल्यावर चेंडू उचलून पुसू द्यावा की नाही यावर वाद झाला. आयोजकांनी परवानगी दिली नाही. खेळाडू स्कॉटी शेफलर यांनी उघड नाराजी व्यक्त केली आणि तीच स्पर्धा जिंकली. मैदानावर पडेल तसा चेंडू खेळावा हा गोल्फचा जुना नियम आणि चेंडू सर्व बाजूंनी सारखा असावा हा १९८१ चा नवा नियम, या दोघांत चिखलाच्या दिवशी कोणाचे ऐकायचे, यावर खेळाडू आणि आयोजक अजून भांडत आहेत.